मागचा दिवा

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला आपण लोणच्याच्या बरण्या पावसाळ्यात कशा सांभाळायच्या ते पाहिलं होतं. आजचा विषयही त्याच जातीचा आहे. झाकण, रबर आणि आत शिरणारं पाणी. फरक इतकाच की आज बरणीच्या जागी गाडीचा मागचा दिवा आहे. "आता हिनं गॅरेज काढलं की काय!" असं म्हणून पान उलटू नका. घरात चारचाकी असो, नाहीतर नुसती स्कूटर, मागचा दिवा सगळ्यांनाच असतो. आणि आपण गाडीत बसलेले असताना नेमका तोच आपल्याला दिसत नाही.

झालं असं. गेल्या आषाढात माणगावला माझ्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं. आम्ही पौडला राहतो, म्हणजे माहेरी जायचं तर वाट ताम्हिणी घाटाची. हे गाडी चालवत होते, मागे सासूबाई आणि दोन्ही मुलं. "जेवूनच जा" या आग्रहापायी निघायला उशीर झाला. विळे सोडून घाट चढायला लागलो तेव्हा अंधारून आलं होतं. मुळशीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि ताम्हिणीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर. त्यात धुकं असं, की गाडीच्या नाकापुढचं दिसेना. ह्यांनी वेग अगदी कमी केला. एका वळणावर रस्त्यात म्हशी आल्या म्हणून ब्रेक दाबला, तोच मागून कर्कश आवाज आला. एक टेम्पो घसरत घसरत आमच्या मागे येऊन थांबला. किती अंतरावर? सासूबाई म्हणतात, हात लांबवला असता तर त्याला लागला असता.

पुढे चहाच्या टपरीपाशी तो टेम्पोवाला खाली उतरून आला. मला वाटलं, आता भांडणार. पण त्याचाही चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "दादा, मागं पार काळोख हाय तुमच्या. ब्रेक मारलेला बी दिसत नाय. लेकरं हायेत गाडीत, बघा जरा." हे उतरले, मी उतरले. दिवे चालू होते म्हणायचे, पण काजव्याइतकेच. उजव्या दिव्यात दोन बोटं पाणी साचलेलं, त्यात शेवाळ. डाव्यातला बल्ब तर पेटतच नव्हता. आत गाडीत मात्र सगळं ठीक दिसत होतं. पुढचे दिवे लख्ख, समोरच्या फळीवरचे दिवे लख्ख. आम्हाला कळणार कसं?

तिथून पौडपर्यंत आम्ही त्या टेम्पोच्या मागे मागे आलो. तो आपणहून म्हणाला होता, "माझ्या मागं चला. तुमचे फुडचे दिवे चांगले हायेत." त्या माणसाचं नावही विचारायचं राहून गेलं.

आमची गाडी आहे पद्मिनी, १९९३ सालची. माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, हौसेनं घेतलेली. नव्या मुलींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी फियाटची ही गाडी बनवायची. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणजे याच गाड्या. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून उतरली. घरगुती वापरातल्या काही अजून आहेत. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. आम्ही ती दर वेळी घेतो. अण्णा गेल्यावर गाडी विकावी असं ह्यांच्या मनात येऊन गेलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस जेवल्याही नाहीत नीट. तेव्हापासून तो विषय निघालेला नाही.

दुसऱ्याच दिवशी गाडी एका गॅरेजात टाकली. तिथल्या माणसानं पाणी काढलं, बल्ब बदलला आणि काचेच्या कडेनं सगळीकडून पांढरं सिलिकॉन भरून दिलं. गाडी घरी आली तेव्हा दिव्यांजवळ चक्क व्हिनेगरचा वास येत होता. आठ दिवसांनी पाहते तर आत पुन्हा बाष्प, आणि पंधरा दिवसांत बल्बच्या होल्डरवर हिरवट बुरशीसारखा थर. ह्यांना कामामुळे वेळ नव्हता. मी म्हटलं, "अहो, स्क्रूच तर आहेत. मी उघडून बघू का?" हे हसले. "तू?" म्हणाले. मग म्हणाले, "बघ. बिघडलाच आहे, अजून काय बिघडणार."

रविवारी दुपारी ओट्यावरची आवराआवर झाल्यावर मी अंगणात चटई टाकून बसले. सिलिकॉन खरवडलं, स्क्रू काढले, काच सुटली. तिच्याखाली रबराची पट्टी होती. हातात घेतली तर वाळल्या चिंचेच्या सालीसारखी मोडली. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तो तुकडा उचलला, बोटांनी वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर कुकरची रिंग झाली."

मैत्रिणींनो, सगळं दुखणं या एका वाक्यात आलं. कुकरची रिंग कडक झाली की कुकर धरत नाही, कडेनं वाफ जाते. तेव्हा आपण झाकणाच्या बाहेरून कणीक थापतो का? नाही, रिंग बदलतो. दिव्याचंही तसंच आहे. ऊन आणि वर्षं यांनी रबर कडक होतं, आक्रसतं, आणि काच व डबी यांच्यात केसाएवढी फट पडते. दिवा पेटला की आतली हवा तापून बाहेर जाते. पावसात दिवा निवला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर फटीवरचं पाणीही. त्या गॅरेजवाल्यानं बाहेरून कणीक थापली होती. शिवाय दिव्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोक असतं, तेही बुजवलं होतं. शिरलेलं पाणी जाणार कुठे?

आणि तो व्हिनेगरचा वास? साधं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. बंद डबीत ते पितळेच्या आणि तांब्याच्या भागांवर बसतं आणि ते हिरवे पडतात. पितळेच्या कल्हई गेलेल्या भांड्यात चिंचेचं सार ठेवलं तर काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तर आता कृती सांगते. मी एका रविवारी उघडलं आणि पुढच्या रविवारी बंद केलं. घाईचं काम नाही.

साहित्य : बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर, जुना मऊ टूथब्रश, भांडी घासायचं पातळ साबण, मऊ सुती फडकं, ४०० नंबरचा पॉलिशपेपर, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, प्लॅस्टिकवर चालणारं पॉलिश, नवं गॅस्केट किंवा ते कापायला रबरी फोमची पट्टी, नवे बल्ब, आणि लागलंच तर 'न्यूट्रल' असं लिहिलेलं सिलिकॉन.

पहिलं काम. किल्ली काढा, बल्ब निवू द्या आणि बॅटरीची वजा खुणेची वायर सोडवून ठेवा. कुठली वायर कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू गंजले असतील तर गंज सोडवणारं तेल काडीनं फक्त स्क्रूवर लावा आणि तासभर थांबा. काचेवर तेल सांडू देऊ नका, सांडलं तर लगेच पुसा. जोर करून स्क्रूचं डोकं झिजवलंत तर काम दुप्पट होतं.

धुणं. मागच्या दिव्याची 'काच' बहुधा ॲक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकची असते. कोमट साबणपाण्यात भिजवून टूथब्रशनं कोपऱ्यांतलं शेवाळ काढा. उकळतं पाणी नको, काच वाकडी होते. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचं पाणी तर मुळीच नको. यांनी ॲक्रिलिकवर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळू द्या. माझी काच परातीत पालथी घालून दिवसभर माजघरात होती.

आतली चांदी. डबीच्या आत चकचकीत थर असतो. बल्बचा उजेड मागे फेकायचं काम तो करतो. तो फार नाजूक असतो. ओल्या फडक्यानं नुसता टिपा, घासू नका. थर गेलाच असेल तर रुपेरी रंगाचा पातळ हात द्या. कुणी स्वयंपाकघरातली फॉइल चिकटवायचा सल्ला देतात, तो ऐकू नका. ती सुटून होल्डरला टेकली तर शॉर्टसर्किट होतं.

होल्डर आणि अर्थिंग. हिरवा थर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनं हलक्या हातानं काढा. दिव्याची एक जोडणी गाडीच्या पत्र्याला असते, तिला अर्थिंग म्हणतात. तिथला गंज आधी काढा. ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणला, किंवा इंडिकेटर लावल्यावर मागचा लाल दिवाही लुकलुकायला लागला, तर बहुधा अर्थिंग गेलेलं असतं. आमच्या उजव्या दिव्याचं निम्मं दुखणं हेच होतं. बल्ब नवा असून काय उपयोग?

बल्ब. मागच्या दिव्यात आणि ब्रेकसाठी एकच बल्ब असेल तर त्यात दोन तारा असतात, ५ वॅटची नेहमीची आणि २१ वॅटची ब्रेकची. त्याच्या बुडाशी दोन खुंट्या असतात, त्या मुद्दाम खाली-वर ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. बसत नसेल तर फिरवून बसवा, दाबून घालू नका. उजेड जास्त हवा म्हणून मोठ्या वॅटचा बल्बही घालू नका, उष्णतेनं काच वितळते. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकू लागला तर बहुतेक गाड्यांत एखादा बल्ब गेल्याची ती खूण असते.

काच उजळणं. बाहेरची बाजू पांढुरकी झाली असेल तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी १०००, मग १५००, मग २००० नंबरचा फिरवा. मध्ये मध्ये काच धुवा. शेवटी पॉलिश. आतल्या बाजूला जे उभे-आडवे खवले असतात त्यांना हात लावू नका. उजेड पसरवायचं काम तेच करतात. केसाएवढी चीर असेल तर आतून पारदर्शक इपॉक्सीनं भरता येते. तुकडाच उडाला असेल तर मात्र काच नवी घ्या. पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधले तर मिळतात. घेताना काच उन्हात धरून पाहा. लाल रंग फिका, गुलाबीसर दिसला तर परत करा.

गॅस्केट. हा कामाचा गाभा. तयार मिळालं तर उत्तम. मला मिळालं नाही. मग ब्लाउजचा कागद काढतो तसा वर्तमानपत्रावर डबीच्या कडेचा आराखडा काढला, स्क्रूंची भोकं खुणावली आणि फोमच्या रबरावरून कापलं. फोम निवडताना एक परीक्षा करा. तुकडा पाण्यात दाबून सोडा. स्पंजासारखं पाणी प्यायला तर तो नको. पाणी न पिणारा, दाबला की परत फुगणारा हवा. जुन्या पट्टीपेक्षा किंचित जाड घ्या, म्हणजे स्क्रू आवळल्यावर तो दबून फट भरतो. तुकडे जोडू नका, एकसंध कापा. सासूबाईंनी माझा पहिला आराखडा मोडीत काढला. "कोपरे गोल ठेव, टोकदार कोपऱ्यात फाटेल," म्हणाल्या. काजं-बटणं केलेल्या हाताला हे बरोबर कळतं.

बंद करणं. काच बसवून सगळे स्क्रू आधी हलके लावा. मग एक इकडचा, एक समोरचा, असे थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू घट्ट केलात तर काच तडकते. गॅस्केट चांगलं असेल तर सिलिकॉन लागत नाही. डबीची कडच वाकडी असेल तर न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ वरच्या आणि बाजूच्या कडेला द्या, चोवीस तास वाळू द्या. तळाचं भोक मोकळंच ठेवा.

परीक्षा. बल्ब घालण्याआधी डबीत वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून काच लावा आणि नळाची नळी धरून पाच मिनिटं वरून साधं पाणी सोडा. मग बाहेरून पुसून उघडा. कागद ओला असेल तर कुठे ओला आहे त्यावरून फट सापडते. माझा पहिल्यांदा एका कोपऱ्यात ओला निघाला. तिथं गॅस्केट दुमडलं होतं. दुसऱ्यांदा कोरडा निघाला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एक सांगायला हवं. हे सगळं स्क्रूंनी बसवलेल्या दिव्यांचं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत काच डबीला कायमची जोडलेली असते. ती घरी उघडायला जाऊ नका, तुटेल. काही दिव्यांत काच काळ्या चिकट पट्टीनं बसवलेली असते, तिला ब्यूटाइल म्हणतात. ती ऊब देऊन सोडवतात आणि नवी घालतात. ते जाणत्या माणसाकडून करून घ्या. आणि पावसानंतर काचेवर आतून नुसतं धुरकट बाष्प धरलं आणि तास-दोन तास उन्हात राहून गेलं, तर घाबरू नका. पाणी साचून राहिलं तरच गळती.

एवढं सगळं करणं सगळ्यांना जमेल असं नाही. पण तपासणं प्रत्येकीला जमेल. तिन्हीसांजेला गाडी भिंतीला पाठ करून उभी करा. लाल दिवे लावा, भिंतीवर दोन्हीकडे सारखा उजेड पडतो का पाहा. ब्रेक दाबायला लावा, उजेड वाढतो का पाहा. मग उजवा आणि डावा इंडिकेटर. दोन मिनिटंही लागत नाहीत. आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत (१९८९) असं आहे की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. म्हणजे साधारण दोनशे पावलं. आमच्या घरी आता दर महिन्याला थोरला मुलगा ही दोनशे पावलं मोजत जातो आणि तिकडून ओरडून सांगतो.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी हे कचेरीतून आले. गाडीच्या मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग सासूबाईंना म्हणाले, "आई, अण्णा दर शनिवारी मागचे दिवे पुसायचे. मला वाटायचं, त्यांना गाडी चकचकीत हवी असते." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या जन्माआधी त्यांच्या मित्राची गाडी ठोकली होती मागून. तेव्हापासून पुसायचे." इतक्या वर्षांत हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. हे काही बोलले नाहीत. दुसऱ्या शनिवारी मी पाहिलं, फडकं घेऊन गाडीच्या मागे वाकले होते.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या आधी, मी दोन्ही दिवे पुन्हा उघडून पाहिले. आत कोरडं. गॅस्केट मऊ. आषाढात बहिणीच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा ताम्हिणी ओलांडून गेलो आणि परतलो. धुकं तसंच, पाऊस तसाच. मागून एक ट्रक येत होता, तो बराच अंतर राखून सावकाश येत राहिला. सासूबाई मागे वळून वळून त्याच्याकडे पाहत होत्या. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा त्यांना झोप लागली.

आज रात्री घरचं माणूस गाडी घेऊन आलं, की आत येण्याआधी त्याला जरा ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि तुम्ही मागे जाऊन पाहा. पाऊस असेल तर छत्री घेऊन जा.

पुढच्या खेपेला : पावसाळ्यात गाद्या-उशांना येणारा कुबट वास.